बुटातला एक दाणा

पूर्णा जंक्शनवर उतरून कुणी टांगेवाल्याला ‘मॅनेजर कुठं राहतात’ असं विचारलं, तर टांगा बँकेकडे जात नसे. तो रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला, लिंबाचं झाड असलेल्या एका बैठ्या घरापुढे जाऊन थांबत असे. एकदा बँकेत बदलून आलेले खरेखुरे मॅनेजर सामानसुमानासकट तिथं येऊन उतरले. आमच्या म्यानेजरांनी त्यांना चहा पाजला, होल्डॉल आत घेतला आणि संध्याकाळी ग्राउंडवर नेलं. ते साहेब पुढं बदली होईपर्यंत आमचे लाइन्समन होते.

म्यानेजर म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे म्यानेजर. बाकी सगळं आयुष्य त्यांनी लोको शेडमध्ये फिटर म्हणून काढलं, पण त्यांना फिटर कुणी म्हटलं नाही. भाजीवाली, पोस्टमन, शेडमधले साहेबलोक सगळे म्यानेजरच म्हणत. काकूसुद्धा आतून हाक मारायच्या, ‘म्यानेजर, पाणी तापलं.’ मी त्यांच्या हाताखाली दहाएक वर्षं गोलकीपर होतो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, ‘गोलकी’ म्हणायचे. माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटावरसुद्धा त्यांनी ‘गोलकीस’ असंच लिहिलं होतं आणि सासरच्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली.

अंगानं काटकुळे, रंग शेडमधल्या धुरासारखा, आणि खांद्याला एक खाकी पिशवी. पिशवीत सायकलचा पंप, बॉल शिवायची सुई, पुडीत मीठ, एक लहान चाकू आणि एक बोटभर दांड्याची हातोडी. ही हातोडी शेडमधली. गाडीची चाकं वाजवून बघतात तसे ते मॅचच्या आधी दोन्ही गोलपोस्ट वाजवून बघायचे. पोस्ट झाली की पोरं. हातोडी नाही, बोटाच्या पेरानं ते नडगीवर टकटक करायचे, कान लावायचे आणि एखाद्याला म्हणायचे, ‘आवाज बरुबर न्हाई. आज बस तू.’ आम्ही हसायचो. पण ते बसवायचे तो पोरगा खरोखरच कुठंतरी दुखावलेला असायचा आणि लपवत असायचा.

मॅच चालू झाली की ते बॉलकडे बघत नसत. बॉल जिकडे नाही तिकडे बघत. लेफ्ट आऊट बॉल घेऊन पळतोय, सगळं ग्राउंड ओरडतंय, आणि हे आपले उजव्या बाजूच्या बॅककडे टक लावून. आम्ही विचारलं तर म्हणायचे, ‘बॉल काय बघायचा? बॉल तर सगळ्यायलाच दिसतो. बॉल नसताना माणूस काय करायलाय, ते बघाव.’ याचा परिणाम असा व्हायचा की शिट्टी झाल्यावर ते मलाच विचारायचे, ‘किती झाले रे?’ स्कोअर माहीत नसलेला म्यानेजर बाहेरगावच्या टीमनं कुठं पाहिलेला नसायचा. ते लोक गालातल्या गालात हसत आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आधी ते गार्डाच्या जुन्या झेंड्यांनी टीम चालवायचे. हिरवा म्हणजे पुढं, लाल म्हणजे मागं. ग्राउंड यार्डाला लागूनच होतं. एका मॅचला आमचे सगळे फॉरवर्ड पुढं जाऊन बसले म्हणून यांनी लाल झेंडा जोरात हलवला, तर यार्डात शंटिंग करणारं इंजिन करकचून थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, सगळीकडे बघितलं आणि यांना बघून त्यानं कपाळावर हात मारला. फॉरवर्ड मात्र एकही मागं आला नाही. ‘इंजिनाला अक्कल हाय, तुमाला न्हाई,’ एवढंच ते आम्हाला म्हणाले. शेडमधून समज मिळाल्यावर झेंडे गेले.

पण त्यांची खरी गंमत, किंवा खरी विद्या म्हणा, ती हाफटाइमला दिसायची. मार्च-एप्रिलात दुपारी चारला पूर्णेच्या ग्राउंडवर खेळणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. हाफटाइमला ते पिशवीतून आपल्या झाडाची सहा लिंबं काढायचे. चाकूनं लिंबाचं डोकं उडवायचं, आत मीठ दाबायचं. एक लिंबू दोघांत. पहिल्यानं अर्धं चोखायचं, मग तेच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. लिंबू आडवं कापून दोन फोडी करायच्या नाहीत. उष्टंच खायचं. जोड्या ते ठरवायचे, आणि कुणी आधी चोखायचं हेही तेच ठरवायचे. आम्हाला हळूहळू कळलं की ज्याचं चुकलं तो दुसरा. हाफटाइमला त्यांनी कुणाला कधी रागावलं नाही. लिंबू आधी कुणाच्या हातात देतात एवढंच बघायचं. ज्याच्या हातात दुसऱ्यानं आलं, तो खाली मान घालून चोखायचा आणि पुढच्या अर्ध्या तासात तो वेगळाच खेळायचा.

अकरा जणांत पाच जोड्या होतात, एक उरतो. उरायचा गोलकीपर, आणि त्याची जोडी खुद्द म्यानेजरांशी. गोलकीपरची चूक अशी की ती झाकता येत नाही, जाळ्यात जाऊन बसते. त्यामुळे दहा वर्षांत मी बहुतेक वेळा त्यांच्या मागूनच लिंबू चोखलं. फक्त एकदा, जिंतूरला, मला ताप होता. मी नको म्हणत होतो, त्यांनी नडगी वाजवून ‘काई न्हाई झालं तुला’ म्हणत उभं केलं. पहिल्या हाफात चार गोल झाले. मी रडकुंडीला येऊन त्यांच्यापुढं बसलो. त्यांनी लिंबू कापलं, मीठ भरलं आणि माझ्या हातात दिलं. मी अर्धं चोखलं, त्यांनी माझं उष्टं अर्धं घेतलं आणि सगळ्यांच्या समोर ते सालीपर्यंत संपवलं. माझ्या वडिलांनीसुद्धा मला कधी ‘माझं चुकलं’ असं म्हटलेलं नव्हतं. यांनीही म्हटलं नाही, पण केलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे झालं ते झालं, त्या साली आमच्या टीममध्ये दोन जीवश्चकंठश्च मित्र होते. सिद्धार्थ राइट इन खेळायचा, त्याचे वडील शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरचे मदतनीस. दिगंबर सेंटर फॉरवर्ड, ताडकळसकडचा, घरची जमीन. सिद्धार्थनं बॉल द्यायचा आणि दिगंबरनं मारायचा, असा तीन वर्षांचा रिवाज होता. त्या पावसाळ्यात सिद्धार्थच्या मावशीचं घर खेड्यात जाळलं गेलं. दिगंबरचा त्यात काही हात नव्हता. पण गावात त्याच्या भावकीतले लोक जे बोलत होते, ते ऐकून तो गप्प बसला होता, आणि हे सिद्धार्थला कळलं. दोघांचं बोलणं बंद झालं. एकमेकांना बॉल देणंही बंद झालं.

पुढच्या मॅचला हाफटाइमला म्यानेजरांनी त्या दोघांना एक लिंबू दिलं. सिद्धार्थच्या हातात आधी. त्यानं ते हातात धरून ठेवलं, चोखलं नाही. दिगंबर दुसरीकडे बघत राहिला.  म्यानेजर म्हणाले, ‘बसा दोघं बी.’ आम्ही नऊ जण खेळलो आणि हरलो. दुसऱ्या मॅचला पुन्हा तेच, पुन्हा नऊ, पुन्हा हरलो. तिसरी मॅच नांदेडच्या टीमशी, स्पर्धेतून बाद व्हायची वेळ. क्लबचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, अहो दुसऱ्या कुणाशी जोडी लावा, लिंबाचं काय घेऊन बसलात? म्यानेजरांनी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा नऊ जणांनिशी हरून आम्ही स्पर्धेबाहेर पडलो. गावातल्या लोकांनी त्यांना तोंडावर येडा म्हटलं.

चौथी मॅच साधीच होती, शेडच्या लोकांशी. हाफटाइमला सिद्धार्थनं लिंबू घेतलं, अर्धं चोखलं आणि न बघता हात पुढं केला. दिगंबरनं ते घेतलं. तो किती वेळ चोखत होता देव जाणे, त्या लिंबात काही उरलं नसणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही सगळे लिंबूच फार आंबट असल्यासारखं दाखवत होतो. म्यानेजर त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते, माझ्या बुटाची नाडी बांधत होते. 

आता वाटेल की अशा माणसाला कुणी कशाला काढेल? पण काढायची गोष्ट निघाली, आणि ती आमच्यातूनच निघाली. याला सात-आठ वर्षं मध्ये गेली होती. खेळ बदलला होता. आमचे म्यानेजर अजून पाच फॉरवर्ड खेळवत होते, बाकीचं जग तीनावर आलं होतं. लागोपाठ तीन वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत गारद होत होतो. आणि त्यात मी पुण्याहून शिकून आलो होतो.

ते शिकायला पाठवणारेही तेच. पेपरात कोचिंगच्या सहा आठवड्यांच्या शिबिराची जाहिरात त्यांनीच वाचली, अर्ज त्यांनीच लिहिला, माझ्या साहेबांकडे जाऊन रजा त्यांनीच मंजूर करून आणली. स्वतःचा होल्डॉल दिला, त्यात काकूंनी शेंगदाण्याची चटणी बांधली. मी परत आलो तो गळ्यात शिट्टी आणि काखेत सर्टिफिकेट घेऊन. ग्राउंडवर फळा लावून बाण काढायला लागलो. म्यानेजर पोरांच्या मध्ये मांडी घालून बसायचे आणि मध्येच बोट वर करून विचारायचे, ‘सर, ह्यो बाण माणसाचा का बॉलचा?’ पोरं हसायची. मला वाटायचं ते माझी थट्टा करतायत. आता कळतं, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मग कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, म्हातारा माणूस, मानानं बाजूला करावा. दिगंबर म्हणाला, त्यांचं सगळं खरं, पण स्कोअर तरी माहीत पाहिजे. सिद्धार्थचं म्हणणं, क्लब कुण्या एकाचा नसतो, माणूस कितीही मोठा असला तरी बदल पाहिजे. तो तेव्हा शाळेत मास्तर झाला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आलं होतं. उलट बाजूनं बोलणारेही होते. पंचवीस वर्षं या माणसानं उन्हात उभं राहून क्लब उभा केला, त्यांना काढून आपण कुठला कप आणणार आहोत? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मी काहीच बोलत नव्हतो, कारण नवा म्यानेजर म्हणून माझंच नाव होतं. आणि मला ते पाहिजे होतं. चांगलंच पाहिजे होतं.

आमच्या क्लबात मत टाकायची एक जुनी पद्धत होती. पहिल्या कॅप्टनचा एक फाटका बूट कपाटावर ठेवलेला असे. तो खाली काढायचा. प्रत्येकाला ज्वारीचा एक आणि तुरीचा एक दाणा द्यायचा. आहे ते राहू द्यायचं असेल तर ज्वारी, बदल पाहिजे असेल तर तूर. मूठ बुटात घालायची, एक दाणा सोडायचा, दुसरा येताना बाहेर फेकून द्यायचा. कमिटीत आम्ही बारा जण, म्यानेजर धरून. त्यांनीही रांगेत उभं राहून मूठ घातली.

सेक्रेटरींनी बूट टेबलावर उपडा केला. अकरा तुरी आणि एक ज्वारी.

 पुढं बऱ्याच वर्षांनी एकेकानं माझ्यापाशी कबूल केलं ते असं, की प्रत्येकाला वाटलं होतं बाकीचे काही त्यांना काढत नाहीत, आपण आपली एक तूर टाकावी, तेवढाच म्हाताऱ्याला चिमटा बसेल. दहा जणांनी चिमटा काढायचा म्हणून माणसाचा जीव घेतला. मी मात्र चिमटा म्हणून टाकली नव्हती, मी काढायलाच टाकली होती.

म्यानेजरांनी दाण्यांकडे बघितलं, बोटानं ते सारखे केले. मग खांद्यावरची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, ‘पंपाचं वायसर बदलून घे. लिंबाचं झाड काई देता येत न्हाई, लागतील तवा येऊन घेऊन जात जा.’ आणि चपला घालून घरी गेले.

दुसऱ्याच दिवसापासून गावात एक नवल सुरू झालं. ‘तो ज्वारीचा दाणा माझा होता,’ असं दिगंबरनं मला शपथेवर सांगितलं. सिद्धार्थनंही सांगितलं, शपथ न घेता, पण डोळ्यांत पाणी आणून. सेक्रेटरी तर चारचौघांत सांगत सुटले. सगळे आळीपाळीनं म्यानेजरांच्या घरी जाऊन हेच सांगून येत होते. तिसऱ्या दिवशी मीही गेलो. ते झाडाखाली बाजेवर बसले होते. मी जवळ बसलो आणि म्हणालो, ‘म्यानेजरसाब, तेवढा एक दाणा माझा व्हता.’ ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘म्हाईत हाय मला.’ आणि काकूंना म्हणाले, ‘गोलकीला चहा ठिवा.’ चहा पिऊन मी हलक्या मनानं घरी आलो. वाटलं, एक तरी माणूस आपल्याविषयी चांगलं समजून राहिला.

मग आठ वर्षं मी म्यानेजर होतो. गावानं मला ‘नवा म्यानेजर’ म्हटलं, शेवटपर्यंत नवाच. म्यानेजर म्हटलं की ते, हे काही बदललं नाही. मी लिंबू बंद केलं, बादलीत ग्लुकोजचं पाणी आणि प्रत्येकाला वेगळा ग्लास आणला. फळा, बाण, तीन फॉरवर्ड. सुरुवातीला दोन कपही आणले. पण माझी पोरं हाफटाइमला आपापला ग्लास घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसायची, आणि कोण कुणाशी बोलत नाही हे मला हरल्यावर कळायचं. नामांतर होणार-होणार असं चाललं होतं त्या शेवटच्या दिवसांत एके संध्याकाळी टीममध्ये हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी मी निमूट त्यांच्या झाडाखाली गेलो आणि सहा लिंबं घेऊन आलो. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. काकूंना सांगून मिठाची पुडी मात्र बांधून दिली.

ज्या साली नामांतर झालं, त्याच साली मला काढायची गोष्ट निघाली. टीव्हीवर वर्ल्ड कप बघितलेली पोरं कमिटीत आली होती आणि त्यांचं म्हणणं अगदी आमच्यासारखंच होतं, मला तर ते तोंडपाठ होतं. मीटिंग दुसऱ्या दिवशी. मी म्यानेजरांकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडली होती, नजर मंदावली होती, पण पावलाच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. हरणार हे दिसतंच होतं, आणि पुढं हरलोच. पण मला वेगळीच पंचाईत पडली होती. मी म्हणालो, ‘माझी मूठ बी बुटात जाणार. सोताला मत कसं टाकायचं? बरं दिसत न्हाई.’

‘टाक की,’ ते म्हणाले. ‘त्यात काय लाजायचं? मी टाकला व्हता.’

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, काय?

‘ज्वारीचा दाणा. मला कुठं जायचं व्हतं रे? मला लय खेळवायचं व्हतं तुमाला.’

एवढं बोलून ते झाडाकडे बघायला लागले. मी त्याच बाजेवर बसलो होतो, जिथं आठ वर्षांपूर्वी बसून तो दाणा माझा असं सांगितलं होतं. त्या आठवड्यात बाकीचेही सगळे इथंच येऊन तेच सांगून गेले होते, आणि यांनी प्रत्येकाला ‘म्हाईत हाय’ म्हणून चहा पाजला होता. एकाचीही लबाडी त्यांनी त्याच्या पदरात घातली नाही. मला शिबिराला धाडलं, पिशवी दिली, लिंबं दिली, आणि वर माझं खोटंही आठ वर्षं सांभाळून ठेवलं. या माणसाचं मी किती देणं लागतो हे मला त्या बाजेवर बसल्यावर कळलं.

त्यांनी चाचपून खाली पडलेलं एक लिंबू उचललं. काकूंकडून चाकू आणि मीठ मागून घेतलं. डोकं उडवलं, मीठ दाबलं, अंगठ्यानं आत सारखं केलं. मी हात पुढं केला होता. त्यांनी तो बघितला असावा किंवा नसावा. लिंबू त्यांनी आपल्याच तोंडाला लावलं, सावकाश अर्धं चोखलं, आणि मग माझ्या हातात दिलं.